साथीच्या काळातली मदत: गावासाठी वही करतोय, तिच्यात काय असावं?

जुनं_वाचनालय

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या जोडीला गणेश मंडळ. माणसं बरीचशी तीच. कोरोनात, २०२० च्या एप्रिलमध्ये, आम्ही किराणा किट वाटली, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रात्ररात्र ऑक्सिजन बेडसाठी फोन फिरवले. जे त्या वेळी सुचलं ते केलं. यंदा वाचनालयाच्या वार्षिक सभेत ठरलं की, पुन्हा तशी वेळ आली तर हाताशी असावी म्हणून एक मदत-वही तयार करायची. एक भाग कुटुंबांसाठी, एक भाग दुकानदार आणि छोट्या व्यावसायिकांसाठी. काम माझ्याकडे आलं आहे.

आतापर्यंत जमवली आहेत ती नुसती योजनांची नावं. मोफत धान्य, तेव्हा पाच रुपयांत मिळणारी शिवभोजन थाळी, रिक्षावाल्यांचे दीड हजार, पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी कर्ज, कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार. यातल्या बऱ्याच गोष्टी आता संपल्या किंवा बदलल्या. मग त्या उतरवून ठेवण्यात अर्थ काय, असं सभासद विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही.

ज्यांनी त्या दोन वर्षांत स्वतः फॉर्म भरले, दुसऱ्यांचे भरून दिले, दुकान कसंबसं चालू ठेवलं, त्यांनी सांगावं. लोकांना नेमकं कुठे अडलं? काय आधीपासून तयार असतं तर मदत वेळेत पोचली असती?

---

टाके_काज

दुकानदारांच्या भागासाठी माझा अनुभव लिहितो. शिवणकामाचं दुकान आहे, मी आणि दोन कारागीर. आमचं वर्षभराचं गणित मार्च ते जून या महिन्यांवर बसलेलं असतं. आधी लग्नसराई, तिच्या पाठोपाठ शाळेचे गणवेश. २०२० मध्ये नेमके तेच महिने गेले. गणवेशाचं कापड आगाऊ आणून ठेवलं होतं. शाळा उघडल्याच नाहीत, ते तागे तसेच फळीवर राहिले.

मे महिन्यात केंद्राने तारणाशिवाय, सरकारच्या हमीवर मिळणारं कर्ज जाहीर केलं तेव्हा मी बँकेत गेलो. तिथे समजलं की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जे कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के मिळेल. मी कर्ज घेतलेलंच नव्हतं. मग वीस टक्के कशाचे काढणार? १ जूनला स्वनिधी आली, तेव्हा १०,००० रुपये, व्याजात ७ टक्के सवलत, वेळेत फेडलं की पुढे २०,०००. चांगली योजना, पण ती रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी. माझं दुकान गाळ्यात. कर्ज न काढता, भाडं भरून, सरळ धंदा करणारे आमच्यासारखे लोक दोन्हींच्या मधे राहिले. बाजारपेठेत फिरून बघा, असेच जास्त सापडतील.

मला तारलं ते मास्कनी. ग्रामपंचायतीला कापडी मास्क हवे होते, काम एका बचत गटाने घेतलं आणि गटातल्या बायकांना कापायला-शिवायला हात कमी पडत होते. त्यांच्यातल्या एकीला माहीत होतं की माझ्याकडे तीन मशीन आहेत. एवढ्या एका ओळखीवर दोघं कारागीर पावसाळाभर कामाला लागले. शिवाय गाळ्याच्या मालकांनी दिवाळीपर्यंत अर्धंच भाडं घेतलं. ते कुठल्या कायद्याने नव्हतं, आमचं वीस वर्षांचं बोलणं-चालणं होतं म्हणून.

तेव्हा तुमच्या वहीत हे जरूर घाला: गावात कोणाकडे कोणतं यंत्र आहे, कोण काय बनवू शकतो, कोणाकडे टेम्पो आहे, कोणाकडे फ्रीजर आहे. आणि उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीबद्दल लिहा. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली, फुकट आहे, ऑनलाइन होते. बँकेत पुढच्या वेळी कोणी विचारलं की धंदा आहे याला पुरावा काय, तर दाखवायला कागद असतो.

---

सेतूवाली

मी तालुक्याच्या ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोक अजून सेतूच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव घेतलं. दोन्ही लाटांत केंद्र जेवढं उघडं ठेवायची परवानगी होती तेवढं ठेवलं, बाकी वेळ घरून फोनवर. टाके_काज दादांनी जे लिहिलंय तेच मला कुटुंबांच्या बाजूने सांगायचंय.

वाचनालयवाले दादा, योजनांची यादी करा, पण ती शेवटच्या पानांवर जाऊ द्या. पुढच्या वेळी योजना नव्या निघतील, रकमा वेगळ्या असतील, पोर्टल वेगळं असेल. जे बदलणार नाही ते हे: मदत त्याच्याकडे आधी जाते ज्याचं नाव आधीपासून कुठल्या तरी सरकारी नोंदीत आहे. साथ आल्यावर नोंद करायला निघालेला माणूस मागे राहतो, कारण त्याच वेळी कचेऱ्या बंद असतात, अंगठ्याचं यंत्र बंद असतं आणि सर्व्हर अडकलेला असतो.

१३ एप्रिल २०२१ ला मुख्यमंत्र्यांनी निर्बंधांबरोबर मदत जाहीर केली. बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, खावटी अनुदान योजनेतल्या आदिवासी कुटुंबांना २,०००. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन थांबला नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायका विचारत होत्या, ताई, आमचे दीड हजार कधी येणार? घोषणेत "नोंदणीकृत" हा शब्द होता तो कोणी ऐकलाच नव्हता. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण तालुक्यात कितीजणींना तो माहीत? काहींनी फार पूर्वी कोणत्या तरी संघटनेच्या मेळाव्यात नाव घातलं होतं, पण नंतर नूतनीकरण केलेलं नव्हतं. ज्यांचं कार्ड चालू होतं त्यांच्या खात्यात पैसे आले. बाकीच्या त्याच गल्लीत राहणाऱ्या, त्याच घरांत काम करणाऱ्या, त्यांना काही नाही. रिक्षाचंही तसंच. परवाना ज्याच्या नावावर त्याला पैसे. रोजाच्या भाड्याने दुसऱ्याची रिक्षा चालवणारा जो खरा उपाशी होता, तो यादीत बसत नव्हता.

धान्याचं बघा. प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेत माणशी ५ किलो मोफत मिळालं, पण अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना. केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे आणि जून २०२० साठी माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ दिला, गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने. आता "माणशी" म्हणजे कार्डावरचा माणूस. आमच्याकडे घरोघरी एकच अडचण निघाली. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर, तिथून कमी केल्याचा दाखला आणलेला नाही, म्हणून सासरच्या कार्डावर चढलेलं नाही. तिच्या मुलांची नावं तर कुठेच नाहीत. घरात जेवणारी माणसं सात आणि धान्य चौघांचं. एरवी ही गोष्ट "करू कधीतरी" म्हणून राहते. टाळेबंदीत तिचा हिशोब दर महिन्याला पंधरा किलो झाला.

आता मृत्यूनंतरच्या कागदांबद्दल. हे लिहिताना आजही जड जातं, पण वहीत हे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला वारसांना ५०,००० रुपये देण्यावर शिक्कामोर्तब केलं, राज्याचं पोर्टल सुरू झालं आणि माझ्याकडे बायका यायला लागल्या. एक बाई जवळच्या खेड्यातून आली. बरोबर दीर होता आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत औषधांची बिलं, दवाखान्याची डिपॉझिटची पावती, एक्स-रे, सगळं नीट घडी घालून. नव्हता तो एकच कागद, तपासणीचा अहवाल. तो नवऱ्याच्या मोबाईलवर मेसेजने आलेला होता आणि मोबाईल उघडायचा पॅटर्न नवऱ्यालाच माहीत होता. फोन तिच्या पदरात गुंडाळलेला, चार्ज केलेला. ती तो रोज चार्ज करत होती. नवऱ्याच्या तपासणीचा नमुना जिथे घेतला होता त्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही गेलो, तारीख सांगून नोंदवहीतून क्रमांक काढला आणि तिथून अहवालाची प्रत मिळाली. तिच्या बाबतीत तारीख आठवत होती म्हणून झालं. सगळ्यांना आठवत नाही.

दुसरी मोठी अडचण म्हणजे मृत्यूच्या कारणात कोविड लिहिलेलं नसणं. हृदयविकार, श्वसन निकामी, काहीही लिहिलेलं असे, आणि घरच्यांना वाटे की संपलं. तसं नव्हतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तपासणीत बाधित आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो घरी झालेला असला तरी धरायचा होता, आणि कारण मान्य नसेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायची सोय होती. मी त्या सूचनांची प्रत छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती आणि बोटाने ओळ दाखवत होते. तोंडी सांगितलं तर माणूस पुढच्या टेबलावर जाऊन गप्प होतो. कागद दाखवला की तो त्याच कागदाचा फोटो काढून पुढच्या टेबलावर दाखवतो.

अर्ज करायला आलेल्या प्रत्येकीला मी एकच सांगत असे, नवऱ्याचं पासबुक भरून आणा. पन्नास हजारांसाठी त्याची गरज नव्हती. मला मे अखेरची नोंद बघायची असे. तिथे ३३० रुपये कापलेले दिसले की ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, म्हणजे वारसाला २ लाख. खातं उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते, घरात पत्ता नसतो. १२ रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा, ती फक्त अपघातासाठी. एका बँकेत आमच्या एका बाईला "ही पॉलिसी अपघाताची आहे" म्हणून परत पाठवलं होतं. आम्ही ३३० च्या नोंदीखाली रेघ मारून पासबुकाची झेरॉक्स अर्जाला जोडली, अर्जाची पोच मागून घेतली, आणि दावा मंजूर झाला. (१ जून २०२२ पासून हे हप्ते ४३६ आणि २० रुपये झालेत, वहीत ते आकडे लिहा.) पासबुक हा घरातला सगळ्यात बोलका कागद आहे आणि लोक तो वर्षानुवर्षं भरून घेत नाहीत.

नवरा कंपनीत, ठेकेदाराकडे, कुठेही पगारावर असेल तर पगाराच्या चिठ्ठीवर पीएफ कापलेला आहे का बघायचं. पीएफबरोबर विमा असतो, तो २८ एप्रिल २०२१ पासून जास्तीत जास्त ७ लाख. ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापले जात असतील तर कोविडने गेलेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी वेगळी योजना होती, किमान १,८०० रुपये महिना. हे त्या बायकांना कोणी सांगितलं नव्हतं. ठेकेदार सांगणार नाही आणि कंपनी म्हणते तो आमचा माणूस नव्हे.

मुलांसाठी बालसंगोपन योजना. ती फक्त अनाथांसाठी आहे असा सगळीकडे गैरसमज. एक पालक गेलेल्या मुलालाही मिळते. तेव्हा महिना १,१०० होते, २०२३ पासून २,२५०. दोन्ही पालक गेले असतील तर राज्याची ५ लाखांची ठेव आणि केंद्राची २३ व्या वर्षी १० लाखांची तरतूद होती.

संजय गांधी निराधार योजनेत वेगळाच पेच पडायचा. वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि दाखला मागच्या वर्षाचा. मागच्या वर्षी नवरा कमावत होता. म्हणजे कमावता माणूस गेला म्हणून मदत मागायची आणि तो कमावत होता म्हणून ती नाकारली जायची. राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये मिशन वात्सल्य काढून तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या केल्या, तेव्हा अशा बायकांची प्रकरणं एका टेबलावर यायला लागली आणि थोडं सुटसुटीत झालं. तुमच्या तालुक्यात त्या समितीत कोण होतं, तेव्हा कोणत्या अंगणवाडी सेविकेने नावं गोळा केली, हे आजच विचारून ठेवा. त्या बाईला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं.

म्हणून माझं म्हणणं, वहीचं पहिलं पान असं असावं: घर कोणतं आणि त्या घराची कोणती नोंद अपुरी आहे. रेशनकार्डावर नाव नाही, आधारला मोबाईल जोडलेला नाही, खातं आधारशी जोडलेलं नाही, कामगार म्हणून नोंद नाही, खात्याला वारस लावलेला नाही. ही कामं एरवी आठवड्याभरात होतात. साथीत तीच कामं जिवावर येतात.

---

जुनं_वाचनालय

ताई, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सभेत हे वाचून दाखवणार आहे.

दोन शंका. एक, हे सगळं नोंदवायचं तर लोकांची आधारकार्डं, पासबुकं यांच्या झेरॉक्स वाचनालयात ठेवाव्यात का? काही सभासद म्हणतात फाइल करून कपाटात ठेवू. दोन, आमच्या किटवाटपात जे खरे अडचणीत होते त्यांतले काही आलेच नाहीत. क्लास घेणारे एक सर, लग्नात जेवणाची कामं घेणारे एक कुटुंब, शाळेची व्हॅन चालवणारा एकजण. नंतर कळलं की त्यांच्या घरी फार वाईट परिस्थिती होती. अशांपर्यंत कसं पोचायचं?

---

सेतूवाली

झेरॉक्स अजिबात ठेवू नका. आधार आणि पासबुक एकत्र सापडलं की फसवणूक करणाऱ्याला अर्धं काम झालेलं मिळतं, आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली किती जणांकडे असते ते तुम्हालाच माहीत. वहीत फक्त घराचा फोन आणि काय अपुरं आहे एवढंच. काम झालं की ओळ खोडा. कागद ज्याचे त्याच्या घरी राहू देत, पण प्रत्येक घरात ते एका पिशवीत असावेत आणि घरातल्या दोन माणसांना पिशवीची जागा माहीत असावी. दोघांतली एक बाई असावी. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत कागद नवऱ्याने ठेवलेले होते आणि कुठे, ते बायकोला ठाऊक नव्हतं. मोबाईलवर आलेले अहवाल त्याच दिवशी छापून पिशवीत टाकायचे. एक छापील पान पाच रुपयांना पडतं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर मला अगदी मनापासून द्यायचंय. किट देताना फोटो काढले होते का? काढले असतील तर ते सर आणि ते कुटुंब का आलं नाही याचं उत्तर तिथेच आहे. ज्या माणसाने काल गावातल्या मुलांना शिकवलं तो आज पिशवी हातात घेऊन बॅनरखाली उभा राहणार नाही, मुलं उपाशी झोपली तरी. पुढच्या वेळी फोटो नकोतच, असा ठराव आजच्या सभेत करून घ्या. देणगीदारांना हिशोब दाखवा, चेहरे कशाला दाखवायचे?

आमच्या पेठेत एक पद्धत चालली ती सांगते. मंडळाने किट बांधणं थांबवलं आणि दोन किराणा दुकानदारांकडे पैसे जमा केले. दुकानदाराला कोणाची उधारी थकलीय, कोणाची यादी अचानक निम्म्यावर आली, कोणी तेल पाव लिटरने न्यायला लागलंय, हे आपोआप कळत असतं. त्याने त्या घराचं खातं चालू ठेवायचं आणि थकलेली रक्कम मंडळाच्या पैशातून वळती करायची. नावं दुकानदार आणि मंडळाचा एक माणूस यांच्यापुरती. घरातली बाई नेहमीसारखी यादी घेऊन यायची आणि तिला हवं ते न्यायची. कोणाला लहान मुलासाठी दुधाची पावडर, कोणाला बीपीच्या गोळ्यांसाठी पैसे उरायला हवे म्हणून नुसता तांदूळ. किटमध्ये हे साधत नाही, त्यात सगळ्यांना तीच तूरडाळ आणि तोच साबण. दुकानदाराचाही धंदा त्यात टिकला, हे तुमच्या दुसऱ्या भागासाठी.

असे दुकानदार आणि असा एक तोंड बंद ठेवणारा माणूस आधीपासून ठरवून ठेवा. आमच्याकडे ते काम एका निवृत्त मुख्याध्यापिकेने केलं. तिच्याकडे कोण काय बोललं ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

---

हप्ता_आणि_व्याज

सहकारी बँकेतून निवृत्त झालो. दुकानदारांच्या भागात कर्जाबद्दल एक पान असावं असं मला वाटतं, कारण त्या काळात सगळ्यात जास्त गैरसमज मी तिथे पाहिले.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी मे अखेरपर्यंत, मग ३१ ऑगस्टपर्यंत. लोकांनी ऐकलं ते "हप्ते माफ". हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं. पाच लाखांचं कर्ज, १२ टक्के दर धरा. महिन्याचं व्याज ५,०००. सहा महिन्यांचं सरळ व्याज ३०,०००, आणि ते दर महिन्याला मुदलात मिळवत गेलं तर ३०,७६०. पुढे २ कोटींपर्यंतच्या कर्जांना सरकारने जो दिलासा दिला तो या वरच्या ७६० रुपयांचा होता, तीस हजारांचा नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये खात्यावर ती रक्कम जमा झाली तेव्हा लोक काउंटरवर येऊन विचारत होते की बाकीचे कधी येणार. मला त्यांच्यासमोर कागद घेऊन हिशोब मांडावा लागे. ज्याच्या घरात खरोखर पैसा नव्हता त्याला ती मुभा मोलाची होती. ज्याच्याकडे पगार येत होता आणि तरी हप्ता थांबवला, त्याला ती महाग पडली. वहीत हे उदाहरण आकड्यांसकट घाला.

सोनेतारणाबद्दलही लिहा. ऑगस्ट २०२० मध्ये सोनं फार चढलं होतं आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने दागिन्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला मोकळीक दिली, ३१ मार्च २०२१ पर्यंत. आधी ही मर्यादा ७५ टक्के होती. अनेकांनी मिळेल तेवढं उचललं. मार्चपर्यंत भाव बराच उतरला आणि जादा रक्कम भरा नाहीतर लिलाव, अशा नोटिसा निघाल्या. धंदा बंद असताना मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या बाईला निदान एवढं कोणीतरी सांगायला हवं की नव्वद मिळत असले तरी साठ-पासष्टच घ्या.

टाके_काज, तुमच्यासारख्यांसाठी एक सुचवतो. पतसंस्थेत किंवा बँकेत छोटी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढंच उचलता येणारं कर्ज, मंजूर करून ठेवा, वापरली नाही तरी चालेल. अडचणीच्या काळात नवीन खातेदाराची फाइल सगळ्यात शेवटी उघडली जाते. जुन्या खातेदाराची आधी.

---

टाके_काज

काका, उद्यमचा कागद हातात आहेच. पतसंस्थेत सोमवारी जातो.

---

जुनं_वाचनालय

सगळ्यांचे आभार. सभा झाली. फोटो न काढण्याचा ठराव एकमताने झाला, किराणा खात्याची पद्धतही मान्य झाली. पहिलं काम म्हणून वाचनालयात महिन्यातून एक रविवार नोंदी दुरुस्त करायला बसायचं ठरलंय. दोन कॉलेजची मुलं आणि आमच्या वॉर्डातल्या आशाताई तयार आहेत. रेशनकार्डावरच्या सुनांच्या नावांपासून सुरुवात करतोय.

ताई, एकच विचारायचं राहिलं. आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारला मोबाईल नंबरच जोडलेला नाही, किंवा जोडलेला नंबर बंद पडलाय. ओटीपी कुठे जातो कळत नाही. त्यांना आधार केंद्रापर्यंत नेणं अवघड आहे, दोघं तर अंथरुणावरून उठू शकत नाहीत.

---

सेतूवाली

पोस्टमनला विचारा. आधारला मोबाईल नंबर जोडायचं काम पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन करतात, त्यांच्याकडे अंगठ्याचं यंत्र असतं. टाळेबंदीत याच यंत्रावर त्यांनी दारात येऊन पेन्शनचे पैसेही काढून दिले होते. म्हाताऱ्यांच्या अंगठ्याचे ठसे झिजलेले असतात, पहिल्या खेपेला लागत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघायला सांगा. नंबर मात्र घरात कायम राहणाऱ्या माणसाचा द्या, पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाचा देऊ नका. ओटीपी दहा मिनिटांत संपतो आणि मुलगा त्या वेळी ड्यूटीवर असतो.

अंथरुणावर असलेल्या दोघांची नावं आधी घ्या. पोस्टमास्तरांना एका कागदावर पत्ते लिहून द्या आणि त्या कागदावर त्यांचा शिक्का घेऊन पोच ठेवा.